वाचकांचे प्रश्न : सातपुड्यातली तोड्याची बंदूक

प्रश्न : ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी झुंज दिली. त्यांच्याकडची तोड्याची (पेटत्या दोरीने बार उडवायची) बंदूक कशी चालायची? हाती बंदूक असताना तिरकमठा कशाला? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : आधी नळीत बंदुकीची दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी घालायची आणि गजाने ठासायची. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळीच फुटू शकते. मग कानाशी, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक भोकाशी, चिमूटभर रंजक, म्हणजे पेट द्यायची बारीक दारू. चाप ओढला की जळता तोडा रंजकीवर टेकतो आणि बार उडतो. कानात काजळी साचली असेल तर रंजक नुसतीच भुर्रकन जळते, म्हणून कान साफ करायला जवळ सुई हवीच.

दारूत साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ कोळसा, १० गंधक. सोरा अशुद्ध असला की ती ओल धरते. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. खरी डोकेदुखी हीच! पावसात विझते, अंधारात तिचा निखारा दिसतो, आणि दबा धरून बसायचं तरी ती पेटतीच ठेवावी लागते.

तिरकमठ्याला यातलं काही लागत नाही. बांबूचा कमठा, दोरीही बांबूच्याच सालीची. एक बार भरेपर्यंत चार-पाच तीर सुटतात, धूर नाही, आवाज नाही; नाल्यात लपलेला माणूस कळत नाही. पल्ला मात्र कमी, त्यामुळे घाटाची अरुंद वाट गाठावी लागे. खाज्या पूर्वी कंपनीच्याच नोकरीत सेंधवा घाटाची राखण करत होता, तेव्हा त्या वाटा त्याला कोणी दाखवायची गरज नव्हती.