सगळे वाखाणतात ती राजकीय भ्रष्टाचारावरची थ्रिलर कादंबरी मला कोमट वाटली. माझं काही चुकतंय का? त्यापेक्षा चांगलं काय वाचू?

चुकत नाही. हीच कादंबरी आमच्या दाजींनी मला दिवाळीत दिली, 'एका बैठकीत संपव' म्हणाले. मला तीन आठवडे लागले. पहिली शंभर पानं पळतात. धरणाचं टेंडर, मंत्र्याचा पीए, रात्रीच्या भेटीगाठी, सगळं झकास. पुढं पेनड्राइव्ह आला आणि माझं मन उडालं. तो सापडला की मंत्री पडतो आणि मंत्री पडला की सगळं निवळतं. असं कुठं असतं?

मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातला. 2019 च्या उन्हाळ्यात आमचे दोन बैल आणि एक म्हैस चारा छावणीत होती. रात्री दावणीजवळ मी आणि आण्णा आळीपाळीनं झोपायचो. संध्याकाळी एक पोरगा रजिस्टर घेऊन यायचा. आमच्या नावापुढं जनावरं पाच. आण्णा बॅटरीच्या उजेडात सही करायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, पाच कुठली? आण्णा म्हणाले, "वाढं वेळेवर मिळतंय ना? गप बस." वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांचा चारा.

जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले होते. आमच्या दावणीच्या मेढीला असेच दोन बिल्ले तारेत ओवून टांगलेले. पोरगा म्हशीचा कान धरून मोबाइल लावायचा, मग बैलांचे कान, मग मेढीकडं वळायचा. तेव्हा एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घेत होते, म्हणून आमच्या तिनाची पाच झाली, सहा नाही झाली. मोठ्या जनावरामागं सरकार छावणी चालवणाऱ्याला दिवसाला 90 रुपये द्यायचं, मे महिन्यात ते 100 झाले. शंभर दावणींवर दोन-दोन वाढवली तर 90 च्या भावानंसुद्धा दिवसाचे 18,000 होतात. शंभर दिवसांचे करून बघा.

तपासणीच्या दिवशी पहाटे टेम्पोतून जनावरं उतरवली. आमच्या दावणीला दोन परके बैल आणून बांधले. दोन्ही तहानलेले होते. आण्णांनी आमच्या बैलांच्या आधी त्यांना पाणी पाजलं.

हे मी घरात सांगितलं होतं. पुढच्या वर्षी बहिणीकडं पंगतीत दाजी सगळ्यांसमोर बोलले, "सही तुमच्या आण्णांची, मग पुढाऱ्यांना नावं कशाला ठेवता?" आण्णा मान खाली घालून जेवत राहिले. मी ताटावरून उठलो.

दाजींना ती कादंबरी का आवडली, हे मला त्या पंगतीमुळं कळतं. तिच्यात चोर सगळे मुंबईत. सही करणारा म्हातारा नाही, बिल्ला स्कॅन करणारं पोरगं नाही, रजिस्टर न उघडताच शेरा मारणारा साहेब नाही. वाचणाऱ्याला आपल्या घरातलं कोणीच दिसत नाही, मग पुस्तक मिटून निवांत झोप लागते. मी तर म्हणेन, ती भ्रष्टाचारावरची कादंबरीच नाही, पाठलागावरची आहे. तुम्हाला कोमट वाटली ती बहुतेक याचमुळं.

मंत्रालय नकोच असं माझं म्हणणं नाही. अरुण साधूंची 'सिंहासन' सत्तेच्या आतच फिरते, पण तिच्यातली माणसं अडकलेली, चाचपडणारी आहेत. 1979 साली जब्बार पटेलांनी केलेला सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. आणि यापुढं अशी कोणतीही कादंबरी हातात घेतली की एवढंच बघा, बिलावर सही कोण करतंय आणि ती नाही केली तर त्याचं काय होतं.

एक मात्र सांगायला हवं. या कादंबरीची भाषा चांगली आहे, एसटीच्या प्रवासात वाचायला हरकत नाही. आणि सगळ्याच छावण्या तशा नव्हत्या. आमच्या पाहुण्यांची जनावरं ज्या छावणीत होती तिथं मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे.

आण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दाजींनी एकदा त्यांच्या शेजारी बसावं आणि विचारावं, त्या रात्री सही केली नसती तर सकाळी म्हशीपुढं काय टाकलं असतं.