पत्र वडिलांचं, पेपर मुलीचा

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. ॲग्री झाली, सीजीपीए साडेसात. तिला विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतीचं शास्त्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या विषयात, एम.एस्सी. करायचं आहे, मोबाईलवर कपाशीचे व्हिडिओ करते. वडील लिहितात: ‘आम्ही दोन वेळा एमपीएससीची पूर्व दिली, थोडक्यात गेली. व्हिडिओ बंद करायला लावले. अजून एक वर्ष देतो, नाही जमलं तर स्थळ पाहतो. एक ओळखीचा म्हणतो, विस्तारवाल्यांच्या संघटनेचं आजीव सदस्यत्व काढलं की केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) नोकरी लागते, पंचवीस हजार लागतील. द्यावे का? आणि मॅडम, तुम्ही तिला जरा समजावून सांगा.’

भाऊ, मार्कांचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते ‘आम्ही’. पूर्वपरीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही बसला होता का? दोन पानी पत्रात तिचं म्हणणं असं एकही वाक्य नाही, तिचं नावसुद्धा नाही. ‘एक वर्ष देतो’ असं लिहिलंत. वर्ष तिचंच आहे हो. घरात एक तरी महिन्याचा पगार यावा, ही ओढ कोरडवाहू वावरावर जगणाऱ्या माणसाला मी काय समजावणार! माझ्या माहेरीही तेच होतं. पण अभ्यासाच्या टेबलासमोर लग्नाची मुदत टांगून ठेवली की पोरगी पुस्तकाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघते. दुसऱ्या वेळी थोडक्यात का गेली, याचा विचार करताना हेही धरा. आणि तिला समजावायचं काम माझ्याकडे देऊ नका, ते मी करणार नाही. मला समजवायचंय ते तुम्हाला.

तुम्ही रागाने एका व्हिडिओचं वर्णन केलंय. पोरगी पऱ्हाटीत उभी राहून कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासाला भुलून आलेले, पतंग मोजते आणि सांगते, ‘सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करा, शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून तुम्ही काढू नका.’ लोक हसतात, असं तुमचं म्हणणं. भाऊ, गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रज्ञ सांगतात तो हाच आकडा. तो पत्रकात छापून येतो आणि पत्रक कृषी केंद्राच्या भिंतीवर पिवळं पडतं. तुमच्या मुलीनं तो वावरात आणून उभा केला. 2017 च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. औषधाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतोच. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणाऱ्या मजुराला तो वाचता यायला हवा ना? विस्तार शिक्षण हा विषय इथून सुरू होतो.

आता ते पंचवीस हजार. वकिलाला बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, डॉक्टरलाही नोंदणी लागते, म्हणून आपल्याकडे समज झाला आहे की कुठल्याही संघटनेचं कार्ड म्हणजे नोकरीचा परवाना. दुसरा समज, संघटना म्हणजे युनियन, ती बदल्या-बढत्या बघते. कृषी विस्तारवाल्यांच्या संस्था या दोन्हींत बसत नाहीत. दिल्लीची इंडियन सोसायटी ऑफ एक्स्टेंशन एज्युकेशन 1964 सालची. ती संशोधनपत्रिका काढते, परिषदा भरवते. अमेरिकेत कृषी महाविद्यालयांची पत्रकं-पुस्तिका काढणाऱ्या संपादकांनी 1913 मध्ये अशीच संघटना बांधली, ती आजही आहे. का बांधली असेल? विद्यापीठात पीक पैदासकाराला मान, कीटकशास्त्रज्ञाला मान, आणि त्यांचं म्हणणं शेतकऱ्याच्या भाषेत उतरवणारा मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर. अशी माणसं एकमेकांना शोधतात, काय चाललं आणि काय फसलं ते सांगतात. एम.एस्सी.ला गेल्यावर तुमच्या मुलीनं सदस्य जरूर व्हावं, परिषदेत आपलं काम मांडावं, दुसऱ्या राज्यातल्या लोकांशी ओळखी कराव्यात. शोधनिबंध चांगल्या पत्रिकेत आला तर पुढे प्राध्यापकाच्या निवडीत त्याला वजन असतं. नुसत्या कार्डाला मात्र केव्हीकेत कुणी विचारत नाही. तिथल्या विषय विशेषज्ञाच्या पदाला पदव्युत्तर पदवी लागते, जाहिरात निघते, मुलाखत होते. तुमच्या ओळखीच्यानं संघटनेचं नाव तरी सांगितलं का? सदस्यत्वाची फी संस्थेच्या खात्यात भरायची असते, मधल्या माणसाच्या हातात नाही. पैसे देऊ नका. दिले असतील तर आजच पावती मागा.

परीक्षांचं म्हणाल तर एम.एस्सी.साठी राज्याच्या कृषी परिषदेची सीईटी किंवा आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) प्रवेशपरीक्षा, पुढे प्राध्यापकीसाठी नेट. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षणाचा विभाग आहे, घरापासून फार लांब नाही. एम.एस्सी. करतानाही एमपीएससी देता येते, ते दार कुणी बंद करत नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडमनं पोरीची वकिली केली. विस्तारात जागा थोड्या निघतात, अनेक कंत्राटी असतात, आणि व्हिडिओला लाईक आले म्हणून प्रबंध लिहिता येतो असं नाही. संख्याशास्त्र घासावं लागेल. हे तिला माहीत आहे का, ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे.

म्हणून पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका. तिसऱ्यांदा पूर्व द्यायची तिची स्वतःची इच्छा असेल तर मी तिला तयारीचं सगळं सांगेन. तोवर मोबाईल तिला परत द्या. पऱ्हाटीला पात्या लागायला लागल्या आहेत, सापळे बांधायची हीच वेळ आहे.