वाचकांचे प्रश्न : तेल बदलू की फिल्टर करू?

मागच्या अंकात ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही म्हणून पाच निवडलीत, आणि पहिल्याला जास्त जागा देतोय कारण निम्म्या लोकांचं दुखणं तेच आहे.

आमच्या साखर कारखान्यात 5 एमव्हीएचा 33/11 केव्ही ट्रान्सफॉर्मर आहे. मे महिन्यात तेल फिल्टर केलं तेव्हा बीडीव्ही (किती केव्हीला, म्हणजे किती हजार व्होल्टला, तेलातून ठिणगी फुटते तो आकडा) 58 आला होता, आता ऑगस्टमध्ये 27 आलाय. साहेब म्हणतात सगळं तेलच बदला. बदलू का? (इलेक्ट्रिकल सुपरवायझर, सांगली जिल्हा)

नका बदलू, निदान या एका आकड्यावर तरी नका. तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण सगळेजण सरासरी बघतात आणि मी आधी सहा रीडिंग बघतो. तुमची आहेत 22, 41, 19, 38, 25, 17. सरासरी 27 बरोबर आहे, पण एवढी उड्या मारणारी रीडिंग आली की मला आधी सॅम्पलचीच शंका येते, टेस्ट सेलमधे (तेल तपासायच्या भांड्यात) इलेक्ट्रोडच्या मधे अंतर असतं फक्त 2.5 मिलिमीटर, त्यात कॉटन वेस्टचा एक ओलसर धागा जरी तरंगत आला तरी दर सेकंदाला 2 केव्हीनं चढणारा व्होल्टेज तिथेच फुटतो. मी स्वतः एका कारखान्यात (नाव नको) सॅम्पल घ्यायला गेलो तर पोरानं बाटली आणली ती कोल्ड्रिंकची, वरून पाण्यानं विसळून आणलेली आणि म्हणतो साहेब एकदम स्वच्छ केलीय. बीडीव्ही आला 14. दुसऱ्या दिवशी कोरडी बाटली घेऊन त्याच ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासलं, 52.

तेव्हा आधी परत सॅम्पल घ्या. पाऊस उघडलेला दिवस बघा, खालचा व्हॉल्व्ह बाहेरून नीट पुसा, पहिलं दोनेक लिटर तेल बादलीत सोडून द्या, मग त्याच तेलानं बाटली एकदा विसळा आणि कडेकडेनं, बुडबुडे न करता गच्च भरा. पुसायला बनियनचं फडकं वापरू नका, धागे सुटतात.

समजा परत कमीच आला, 30 च्या खाली. तुमच्या व्होल्टेजला आयएस 1866 या भारतीय मानकात वापरातल्या तेलाला 30 केव्ही ही खालची हद्द आहे, मग फिल्टर लागेलच. पण मे महिन्यात केलेलं तीन महिन्यांत गेलं कुठं, हा तुमचा खरा प्रश्न आहे ना? आता हिशेब बघा. समजा टाकीत तीन हजार लिटर तेल आहे, त्यात पाणी 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) धरलं तर सगळं मिळून पन्नासेक ग्रॅम होतं, म्हणजे अर्ध फुलपात्र पण नाही. आणि वाइंडिंगवरचा (आतल्या तारेच्या गुंडाळीवरचा) कागद, प्रेसबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा वगैरे तीनशे किलो धरला आणि त्यात दोन टक्के ओल धरली तर ते झालं सहा लिटर. तुम्ही फिल्टर मशीन एक दिवस लावून फुलपात्रातलं पाणी काढलं, कागदातली कळशी आहे तिथेच आहे, ती हळूहळू तेलात परत पाझरते. म्हणून मशीन दोन पास मारून उचलून न्यायचं नसतं, तेल 60-65 अंशावर ठेवून व्हॅक्यूमखाली इतका वेळ फिरवायचं की कागद पण तापला पाहिजे, आणि मशीन बंद केल्यावर आठवड्यानं परत पीपीएम मोजायचं. ठेकेदाराला हे शेवटचं वाक्य अजिबात आवडत नाही हे माहितीये.

अजून एक, तुमचा सध्या ऑफ सीझन आहे. लोड नाही, ट्रान्सफॉर्मर थंडगार, आणि तेलाची पाणी विरघळवून घ्यायची ताकद तापमानावर असते, 60 अंशाला दोनशे पीपीएमच्या वर आणि 20 अंशाला जेमतेम पंचावन्न. म्हणजे गरम असताना तेलात बिनबोभाट विरघळलेलं पाणी थंड झाल्यावर बाहेर पडायला बघतं, बीडीव्ही पडतो. म्हणून सॅम्पल घेताना तेलाचं तापमान रजिस्टरमधे लिहीत जा, नाहीतर एप्रिल आणि ऑगस्टची तुलना करून काही उपयोग नाही. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी महिनाभर फिल्टरचं काम उरकून घ्या, लोड आल्यावर मग गडबड नको.

आणि ब्रीदर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत घेतो ती डबी, बघितलात का? त्यातली ओल शोषणारी सिलिका जेल ओल धरली की गुलाबी होते, ती खालून गुलाबी होत वर गेली पाहिजे, कारण हवा खालच्या ऑइल कपमधून आत येते. वरची जेल आधी गुलाबी झाली असेल तर हवा ब्रीदरला बायपास करून वरच्या पाइपच्या गॅस्केटमधून शिरतेय असं समजा. आणि ऑइल कपमधे तेल आहे का ते पण बघा, दहातले पाच कोरडे ठणठणीत असतात.

बीडीव्ही 55 आहे, पीपीएम पण कमी, पण तेल चहासारखं काळपट झालंय, ॲसिडिटी 0.28 आणि आयएफटी (तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण) 16. सर्व्हिसवाला म्हणतो फिल्टर केलं की झालं. खरं का? (मेन्टेनन्स इंजिनिअर, चाकण)

खरं नाही. फिल्टर मशीन पाणी, हवा, कचरा काढतं, ॲसिड तसंच राहतं. बीडीव्ही चांगला म्हणजे तेल चांगलं हा गैरसमज इतका पक्का बसलाय की काय सांगू! बीडीव्ही फक्त पाणी आणि कचऱ्याबद्दल बोलतो, तेल म्हातारं झालंय का ते ॲसिडिटी, आयएफटी आणि टॅन डेल्टा (तेलात वाया जाणाऱ्या विजेचं माप) सांगतात. नव्या तेलाचा आयएफटी 40 च्या आसपास असतो, तुमचा 16 म्हणजे गाळ धरायची वेळ जवळ आलीय, आणि तो गाळ कूलिंगच्या वाटांमधे आणि कागदावर बसतो, मग तापमान वाढतं, आणि गरम कागदाचं वय दर सहा अंशाला दुप्पट वेगानं संपतं. तेल बाजारात मिळतं हो, वाइंडिंगवरचा कागद बदलायचा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच परत गुंडाळायचा.

तुम्हाला रिक्लमेशन करायला लागेल, म्हणजे गरम तेल फुलर्स अर्थमधून फिरवायचं. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती, चेहऱ्याला लावतात तीच जात. ती ॲसिड शोषून घेते. नंतर इनहिबिटर (तेल लवकर म्हातारं होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) परत घालायला विसरू नका, मातीतून जाताना तो पण कमी होतो. नवं तेल भरायचं म्हणत असाल तर लक्षात ठेवा की कागदात शोषलेलं जुनं ॲसिडवालं तेल आतच राहतं आणि नव्याला बिघडवतं, त्यामुळे गरम तेलानं आत धुतल्याशिवाय नवं ओतू नका. एवढ्यावर आलंच आहे तर एक फ्युरानची (कागद झिजताना तेलात उतरणाऱ्या रसायनाची) टेस्ट पण करून घ्या, कागदाची खबर ट्रान्सफॉर्मर न उघडता तीच देते.

डीजीए (तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीच्या) रिपोर्टमधे ॲसिटिलीन 12 पीपीएम आलाय. वरिष्ठ म्हणतात लगेच शटडाउन घ्या. (सबस्टेशन ऑपरेटर, नाशिक)

ॲसिटिलीनला घाबरावं हे बरोबरच आहे, तो व्हायला सातशे-आठशे अंशाच्या वरची उष्णता लागते, म्हणजे बहुतेक वेळा आत ठिणगी. पण तुमच्या ट्रान्सफॉर्मरला ऑन लोड टॅप चेंजर (लोड चालू असतानाच व्होल्टेज कमीजास्त करणारा स्विच) आहे ना? त्याच्या डायव्हर्टर स्विचमधे दर टॅपला आर्क होतोच, तिथलं तेल मेन टँकमधे सील गळून झिरपतं, किंवा दोघांचा कन्झर्व्हेटर (वरची तेलाची छोटी टाकी) एकत्र असेल तर वरून गॅस मिसळतो. ॲसिटिलीन भागिले हायड्रोजन हे गुणोत्तर दोन-तीनच्या वर गेलं की संशय टॅप चेंजरकडे. त्याच रिपोर्टात इथिलीन पण चढला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कुठला तरी जॉइंट तापतोय.

एका रिपोर्टावर काही ठरवू नका, आठवड्यात दुसरं सॅम्पल पाठवा, काचेच्या सिरिंजमधे, बुडबुडा न ठेवता आणि उन्हापासून झाकून. आकडा तिथेच राहिला तर वेळ आहे, 12 चा 30 झाला तर वरिष्ठ बरोबर होते असं समजा आणि शटडाउन घ्या. आणि मधेच बुखोल्झ रिलेचा (आत गॅस साठला की इशारा देणाऱ्या यंत्राचा) अलार्म आला तर दुसऱ्या सॅम्पलची वाट बघत बसू नका. रिले ट्रिप झाला असेल तर रीसेट करून ट्रान्सफॉर्मर परत चार्ज (चालू) तर अजिबात करू नका, आधी गॅसचं सॅम्पल.

आमच्या हॉस्पिटलच्या बेसमेंटमधे ट्रान्सफॉर्मर बसवायचाय. कन्सल्टंट वनस्पती तेलाचा म्हणतोय, हे खरंच चालतं का? (पुणे)

चालतं, आणि बेसमेंटला तर मी मिनरल (नेहमीचं खनिज) तेल नकोच म्हणेन. मिनरल तेलाचा फ्लॅश पॉइंट (वाफ क्षणभर पेट घेते ते तापमान) दीडशे अंशाच्या आसपास, नॅचरल एस्टरचा, म्हणजे या वनस्पती तेलाचा, फायर पॉइंट (तेल जळतच राहतं ते तापमान) तीनशेच्या वर. शिवाय ते कागदातलं पाणी स्वतःकडे ओढतं. महाग पडतं, आणि हवेशी फार संबंध आला की घट्ट व्हायला लागतं म्हणून सीलबंद टाकीच घ्या, साधा ब्रीदरवाला नको. ड्राय टाइपचं कोटेशन पण मागवा, लहान रेटिंगला तोही बरा पर्याय आहे. उद्या टॉप अप करायला कुणी मिनरल तेलाचा डबा घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, मिसळलं की फायर पॉइंट खाली येतो.

आमच्या गावात डीपीतलं तेल काढून गुडघ्याला लावतात, आराम पडतो म्हणतात. काही अपाय आहे का? (सोलापूर जिल्हा)

आहे. आराम पडतो तो चोळल्यामुळे, तेवढा खोबरेल तेलानं पण पडेल. जुन्या तेलात पीसीबी नावाचं विष मिसळलेलं असू शकतं, ते कातडीतून आत जातं आणि शरीरातून लवकर निघत नाही. वास किंवा रंगावरून ते ओळखू येत नाही. आपल्याकडे 2016 च्या आदेशानं त्याचं उत्पादन आणि आयात बंद झालीय, पण गावातली डीपी कुठल्या काळातली, तिच्यात कितव्यांदा कुठलं तेल ओतलंय, कोण सांगणार? आणि तेल काढलेली डीपी दोन दिवसांत जळते, मग ऐन उन्हात अख्ख्या शिवाराच्या मोटारी बंद, नव्या डीपीसाठी हेलपाटे वेगळेच. लावणाऱ्यांना म्हणावं गुडघा डॉक्टरला दाखवा.