'सास्त्रा वाङी' म्हणजे काय?

प्रश्न : इंडोनेशियन लेखिका आयू उतामी यांच्याविषयी वाचताना 'सास्त्रा वाङी' हा शब्दप्रयोग दिसला. यातला 'सास्त्रा' म्हणजे आपला 'शास्त्र' का? मराठीत याला काय म्हणावे?

उत्तर : होय, तो 'शास्त्र'च. जुन्या जावानीजमध्ये तो ग्रंथ, लेखन या अर्थी रुळला आणि आजच्या इंडोनेशियनमध्ये त्याचा अर्थ थेट 'साहित्य' असा आहे. साहित्यिक तो 'सास्त्रावान'. तसाच पत्रकार तो 'वार्तावान' आणि स्त्री असेल तर 'वार्तावाती'. आपल्याला हे शब्द ऐकताक्षणी कळतात, याचा मला फार आनंद होतो. 'वाङी' मात्र मलय शब्द, अर्थ सुगंधी. त्यातला उच्चार 'ङ'चा आहे, म्हणून 'वांगी' असे लिहू नये.

शब्दशः अर्थ झाला 'सुगंधी साहित्य'. 2000च्या आसपास तिथल्या प्रसारमाध्यमांनी आणि समीक्षकांनी तरुण लेखिकांच्या एका पिढीला हे नाव चिकटवले. आयू उतामी, देवी लेस्तारी, जनार माएसा आयू या एकमेकींहून अगदी वेगळ्या लेखिका एकाच नावाखाली आल्या. त्यांच्यात समान काय, तर त्या स्त्रिया होत्या, तरुण होत्या आणि लैंगिकतेविषयी मोकळेपणाने लिहीत होत्या. वास लेखिकेच्या अत्तराचा, लेखनाचा नव्हे! हे नाव मला अन्यायाचे वाटते.

कारण आयूंचे लेखन आले कुठून ते पाहा. जन्म 1968चा, बोगोरचा, शिक्षण रशियन साहित्याचे, पेशा पत्रकारितेचा. 1994मध्ये इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या सरकारने 'तेम्पो'सह तीन नियतकालिके बंद पाडली, तेव्हा निषेध म्हणून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र पत्रकार संघटनेत त्या होत्या. त्यांची पहिली कादंबरी 'सामान' जकार्ता कला परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली आणि 1998मध्ये, सुहार्तो पायउतार होण्याच्या जरा आधी प्रसिद्ध झाली. तिचा नायक सामान हा दक्षिण सुमात्रातल्या रबर-शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहणारा कॅथलिक धर्मगुरू आहे. त्याचे मूळ नाव विसांगनी, म्हणजे जावानीज वायांग छायानाट्यातला अर्जुनपुत्र. कादंबरीतल्या चार मैत्रिणींपैकी एकीचे नाव शकुंतला. शरीर, धर्म, लष्करी दडपशाही हे सगळे तिथे एकमेकांत गुंतलेले आहे. तरीही ही कादंबरी कुणा पुरुषानेच लिहिली असणार, अशी कुजबुज झाली. पुढे 2000चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, 2001मध्ये 'लारुंग' आणि 2008मध्ये 'बिलांगान फू' या कादंबऱ्या.

नावाबद्दल एक खुलासा : हा 'आयू' आपला आयुष्यवाचक 'आयु' नव्हे. जावानीजमध्ये त्याचा अर्थ सुंदर. 'उतामी' मात्र 'उत्तम'चेच स्त्रीरूप.

मराठीत लिहिताना 'सास्त्रा वाङी' अवतरणचिन्हांत ठेवावे, पहिल्यांदा 'तथाकथित सुगंधी साहित्य' असा अर्थ द्यावा आणि ते नाव कुणी दिले तेही सांगावे. वाङ्मयप्रकार म्हणून ते वापरू नये. आयूंचा उल्लेख 'इंडोनेशियन कादंबरीकार' एवढाच करावा.