तेलात सिरॅमिक ओतण्याआधी

सुट्टी संपवून बडोद्याहून दहेजला टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) परत जाशील, तेव्हा डिझेल वाचेल म्हणून इंजिनच्या तेलात ओतायची ती सिरॅमिक पुडीची बाटली बॅगेत टाकू नकोस. आधी ऐक.

अशा बाटलीत बहुधा बोरॉन नायट्राइडची अतिबारीक पूड असते. तिचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातूला धातू घासतो तिथे ती थोडी उपयोगी पडू शकते: पिस्टन वर जाऊन परत खाली वळतो त्या जागी, किंवा थंड इंजिन सुरू करताना. पण मेन बेअरिंगमध्ये चालू क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. तिथलं घर्षण तेलाच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे दाटपणावर ठरतं, पुडीवर नाही. त्यामुळे डिझेल 15 टक्के वाचेल म्हणणाऱ्यावर माझा अजिबात विश्वास नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तेलाच्या लॅब रिपोर्टमध्ये बोरॉन अचानक वाढलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तेलात गळतंय का, हे आपण तपासतो, कारण बऱ्याच कूलंटमध्ये बोरेट, म्हणजे बोरॉनचा क्षार असतो. तूच बोरॉन ओतलंस तर ती खूण कशी ओळखणार? वॉरंटीचं तर बोलायलाच नको. चीफसाहेबांना, म्हणजे टगच्या मुख्य इंजिनिअरना विचारल्याशिवाय तेलात थेंबही जाता कामा नये.

डिझेल वाचवायचंय ना? मग इंजेक्टरची प्रेशर टेस्ट कर, एअर फिल्टर आणि चार्ज एअर कूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा) साफ आहेत का बघ, टगच्या तळाला शेवाळ किती साचलंय ते विचार. आणि चीफसाहेबांनी प्रयोगाला होकार दिलाच, तर आधी आणि नंतर एकाच लोडवर ताशी किती लिटर जातं ते लॉगबुकात लिही. खंभातच्या आखातात भरतीची ओढ फार, तेव्हा नोंदीत भरती की ओहोटी हेही टाक.