पेरूला निघालात? आधी उंचीचं बघा

राजधानी लिमाहून विमानाने माचू पिचूच्या वाटेवरच्या कुस्को शहरात गेलात की सव्वा तासात समुद्रसपाटीवरून थेट ३,४०० मीटरवर. डोकं धरणारच. त्यापेक्षा कुस्कोच्या विमानतळावरूनच टॅक्सीने ओयान्तायताम्बो हे गाव गाठा, ते २,८०० च्या आसपास आहे. माचू पिचू, म्हणजे इंकांचं डोंगरावरचं जुनं शहर, तर आणखी खाली, २,४३० वर. कुस्को शेवटी ठेवा. पहिले दोन दिवस जेवण हलकं, दारू नकोच. कोकाचा चहा खुशाल प्या, पण पानं भारतात आणू नका; आपल्याकडे ती अमली पदार्थांत मोडतात. माचू पिचूचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, पासपोर्ट जवळ हवा. शाकाहारी असाल तर चिकनही नको हे वेगळं सांगा. आणि यलो फीवरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात, नसेल तर क्वारंटाइन.