अन्य भाषा थांबवायच्या का? आणि मंडळीतले आणखी काही प्रश्न

प्रश्न : आमच्या चर्चच्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेत पाच-सहा जण एकदम मोठ्याने अन्य भाषेत (पवित्र आत्म्याने दिलेली मानतात ती, बोलणाऱ्यालाही न कळणारी भाषा) बोलू लागतात. नवी माणसं बावरतात. वडीलमंडळ म्हणतं, हे बंद करा. तरुण म्हणतात, तुम्ही आत्म्याला विझवता. बरोबर कोण?

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत नेमका हाच गोंधळ होता आणि प्रेषित पौलाने बायबलमधल्या तिला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यावर एक अख्खा अध्याय खर्च केला आहे, १ करिंथ १४. अन्य भाषा बोलण्यास मनाई करू नका, असं ३९ वं वचन सांगतं. म्हणजे सरसकट बंदी घालण्याचा अधिकार वडीलमंडळाला नाही. पण २७ आणि २८ ही वचनं तरुणांनीही वाचावीत : दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहून मनातल्या मनात देवाशी बोलावं.

‘आत्मा आला की आवरत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते पौलाला मान्य नाही. संदेष्ट्यांचे (देवाचा संदेश सांगणाऱ्यांचे) आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असं तो ३२ व्या वचनात म्हणतो. बोलणाऱ्याला थांबता येतं.

सभा चालवणाऱ्याने सुरुवातीलाच विचारावं, आज अर्थ सांगणारं कोणी आहे का? नसेल तर त्या दिवशी मोठ्याने होणारी प्रार्थना मराठीतच होईल हे तेव्हाच सांगावं, मध्येच कोणाला गप्प करण्याची वेळ आणू नये. असेल तर एकाचं बोलणं झाल्यावर अर्थ येईपर्यंत दुसऱ्याने सुरू करायचं नाही. अर्थ आला नाही, तर पुढचा बोलणारा नाही. गीत घ्या आणि पुढे चला.

सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत मोठ्याने प्रार्थना करणं ही मात्र वेगळी गोष्ट. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या संजीवनात (आत्मिक जागृतीत) मुली अशाच प्रार्थना करत. पुढे तिथे अन्य भाषाही आल्या, पण त्या प्रत्येकाला यायलाच हव्यात असा आग्रह पंडिता रमाबाईंनी किंवा त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी धरला नाही. ‘भाषा नाही म्हणजे आत्मा नाही’ असं ऐकवणाऱ्याला १ करिंथ १२:३० दाखवा. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असा पौलाचा तिथे सवाल आहे, आणि त्याला अपेक्षित उत्तर ‘नाही’ असं आहे.

प्रश्न : कृपादान (पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेली देणगी) ओळखण्याची प्रश्नावली भरली. माझ्या वाट्याला ‘दया’ आणि ‘पाहुणचार’ आले. नऊ दानांच्या यादीत ती नाहीतच. मग ही कमी प्रतीची का?

नऊची यादी १ करिंथ १२:८-१० मधली. त्याच अध्यायाच्या २८ व्या वचनात आठांची यादी आहे, आणि साहाय्य व व्यवस्था ही पहिल्या यादीत नसलेली दानं तिच्यात आहेत. रोमकरांस १२:६-८ मध्ये सात आहेत, त्यांत दया आहे. पाहुणचाराचं सांगायचं तर १ पेत्र ४:९ मध्ये कुरकुर न करता पाहुणचार करा असं सांगून लगेच पुढच्या वचनात कृपादानांचा विषय येतो. कोणतीही दोन पत्रं घ्या, याद्या जुळत नाहीत. त्यामुळे कोणतीही यादी संपूर्ण मानायचं कारण नाही.

प्रश्नावलीने तुमची आवड कळते, दान कळतंच असं नाही. मंडळीतलं एक काम घ्या, उदाहरणार्थ आजाऱ्यांच्या भेटी, आणि तीन महिने नेमाने करा. मग ज्यांच्या घरी गेलात त्यांच्यापैकी दोघांना विचारा. मैत्रिणींना नको, त्या चांगलंच सांगतील. त्या माणसांना आधार वाटला का, त्यांनी पुन्हा बोलावलं का, एवढं पाहा. नुसता थकवा आला म्हणजे दान नाही असं समजू नका. मात्र दर वेळी चिडून घरी येत असाल तर दुसरं काम करून बघा.

प्रश्न : बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने माझ्या बहिणीला ‘प्रभू म्हणतो, अमक्या मुलाशीच लग्न कर’ असं सांगितलं. आईला तर गोळ्या सोडायला सांगितलं. ऐकलं नाही तर अविश्वास ठरेल का?

नाही. आईच्या गोळ्या आजच्या आज पुन्हा सुरू करायला लावा आणि मध्ये किती दिवस चुकले ते डॉक्टरांना सांगा. साध्या क्षयरोगाचेसुद्धा उपचार सहा महिन्यांचे असतात आणि ते मध्येच सोडले की जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). बरं करण्याचं दान खरं असेल तर त्याला डॉक्टरच्या तपासणीचं भय कशाला?

संदेश हा उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन यांसाठी असतो (१ करिंथ १४:३), आणि इतरांनी त्याची पारख करायची असते (१४:२९). पारख करणं हा अपमान नाही, तो नियमच आहे. ऐकलेले शब्द तारखेसह लिहून काढा. पाळक आणि दोन वडील यांच्यापुढे ते वाचा. शास्त्राशी जुळतात का, बोलणाऱ्याचा त्यात काही फायदा आहे का, तो हे मंडळीसमोर पुन्हा बोलायला तयार आहे का, हे पाहा. लग्न, जमीन, पैसा आणि औषध या चार बाबतींत एकट्या संदेशावर कधीही पाऊल उचलू नका. ‘कोणाला सांगू नका’ असं बजावून दिलेला संदेश तर मी तिथेच बाजूला ठेवीन.

प्रश्न : गायनसंघात जुन्या दोघी माइक सोडत नाहीत.

महिन्याचा तक्ता करून दाराशी लावा. त्यावर नावं पाळकांनी लिहावीत, गायनसंघाने नव्हे.

प्रश्न : आमच्या गावात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल अशा मंडळ्या आहेत. शुभ शुक्रवार एकत्र करायचा आहे, पण बाप्तिस्म्यावरून आणि प्रभुभोजनावरून (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीवरून) वाद होतो.

हे वाद एका उपासनेसाठी सोडवावे लागत नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य करूनच पुढे जाता आलं. इफिसकरांस ४:३ मध्ये आत्म्याची एकता राखा असं सांगितलं आहे. सगळ्यांची रीत एक करा, असं नाही.

तुमच्या कार्यक्रमातून प्रभुभोजन वगळा. कॅथलिकांना इतर मंडळ्यांच्या प्रभुभोजनात सहभागी होता येत नाही. शिवाय त्यांची स्वतःची शुभ शुक्रवारची उपासना बहुधा दुपारी तीनच्या सुमारास असते, म्हणून एकत्र सभा सकाळी ठेवा. येशूने वधस्तंभावरून उच्चारलेली सात वचनं चारही मंडळ्यांत वाटा. प्रत्येक वचनाला दहाच मिनिटं, म्हणजे गीतं आणि प्रार्थना धरून दोन तासांत आटोपेल. वक्त्यांनी आपल्या मंडळीची शिकवण इतरांपेक्षा कशी बरोबर हे त्या दिवशी सांगायचं नाही, असं आधीच ठरवा. दानपेटीचंही आधीच ठरवा. पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि मोजायला प्रत्येक मंडळीचा एकेक माणूस कोण, हे कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. असे उपक्रम बाप्तिस्म्यावरून मोडतात त्यापेक्षा जास्त वेळा दानपेटीवरून मोडतात.